विसरणारा प्लेअर

पूर्व विदर्भातल्या वडसा भागात डीव्हीडी प्लेअर दुरुस्त करण्याच्या माझ्या काळात ज्या यंत्राने माझे डोके सर्वांत जास्त खाल्ले, त्यात बिघाड असा काही नव्हताच. भारनियमनाचे ते दिवस होते आणि खेड्यांतली वीज केव्हा जाईल याचा नेम नसे. जवळच्या गावातील एक निवृत्त गुरुजी प्लेअर फडक्यात बांधून दुकानात आले आणि तो काउंटरवर ठेवत म्हणाले, "भाऊ, हे मसिन इसरते जी. काल जेथपर्यंत पायलो, थे आज याले ठाऊकच नाही."

गुरुजी जे पाहत होते ते आमच्या झाडीपट्टीतले नाटक होते. दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावची जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, यांच्या निमित्ताने गावोगाव होणारी ही नाटके रात्री उशिरा सुरू होतात आणि उजाडेपर्यंत चालतात. त्यांच्या मंडळाने आपला प्रयोग एका व्हिडिओवाल्याकडून चित्रित करून घेतला होता, आणि त्याने सुमारे चार तासांचे ते चित्रण दर्जा कमी करून 4.7 जीबीच्या एकाच डीव्हीडीत कोंबले होते. गुरुजींचा स्वतःचा प्रवेश तिसऱ्या अंकात होता. तिथवर पोहोचण्याआधीच वीज जायची आणि ती परत आली की नाटक पुन्हा नांदीपासून सुरू व्हायचे.

मी प्रथम सेटिंगमध्ये जाऊन भाषा बदलली, प्लग उपसला आणि थोड्या वेळाने पुन्हा लावला. बदललेली भाषा जशीच्या तशी होती. म्हणजे सेटिंग साठवणारी बोर्डावरची आठ पायांची लहानशी आयसी शाबूत होती. मग डिस्क लावून मधेच एकदा स्टॉप दाबले, तेव्हा पुढे पाहण्यासाठी प्ले दाबा अशी इंग्रजी सूचना पडद्यावर आली, आणि प्ले दाबताच नाटक त्याच संवादापासून सुरू झाले. स्टॉप दुसऱ्यांदा दाबले की मात्र ती नोंद पुसली जायची. ट्रे उघडला तरी तेच. गुरुजींचा नातू प्लेअर बंद करताना नेमके दोनदा स्टॉप दाबत असे आणि वर भिंतीवरच्या बोर्डाचे बटणही बंद करीत असे, हे विचारपूस केल्यावर कळले.

अशा स्वस्त प्लेअरमध्ये भाषा, टीव्हीचा प्रकार यांसारखी सेटिंग कायमच्या मेमरीत लिहिली जातात, पण चित्रण कुठे थांबले ती जागा वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या तात्पुरत्या मेमरीत राहते. काही कंपन्यांचे महाग प्लेअर अनेक डिस्कांच्या जागा ओळखून त्या वीज गेल्यावरही सांभाळतात, पण ती सोय आमच्या बाजारात येणाऱ्या प्लेअरमध्ये क्वचितच दिसे. ज्याने हे यंत्र आखले त्याने घरात वीज सतत आहे असेच गृहीत धरले असावे, असे मला तेव्हाही वाटे.

गुरुजींना ही गोष्ट पटणे कठीण होते, कारण त्यांनी त्याआधी व्हिडिओ कॅसेट वापरली होती. कॅसेटची फीत जिथे थांबली तिथेच गुंडाळलेली राहते, त्यामुळे वीज गेली, कॅसेट बाहेर काढली, शेजाऱ्याकडे नेऊन लावली, तरी चित्र पुढे तिथूनच सुरू होते. डिस्कवर अशी कोणतीही खूण उरत नाही. ती लावली की लेसर आतल्या कडेपासून वाचू लागतो, आणि आपण कुठे होतो हे ठाऊक असलेच तर ते प्लेअरला.

दोष एकट्या प्लेअरचाही नव्हता. व्हिडिओवाल्याने संपूर्ण नाटक एकच सलग प्रकरण (चॅप्टर) म्हणून भरले होते, त्यामुळे रिमोटवरचे पुढे जाण्याचे बटण दाबून काही उपयोग होत नव्हता, आणि जलद पळवत तिसऱ्या अंकापर्यंत जायचे तर वीज पुन्हा जाण्याची शर्यतच लागे. मी गुरुजींना गोटू बटण दाखवले. ते दाबून तास, मिनिटे आणि सेकंद टाकले की प्लेअर थेट त्या ठिकाणी जातो. पडद्यावर वेळ दिसत राहील अशी सोय करून दिली आणि अधूनमधून तो आकडा वहीत टिपायला सांगितले. गुरुजींनी हजेरीपटासारखे रकाने आखून तारीख आणि वेळ लिहायला सुरुवात केली. व्हिडिओवाल्यालाही निरोप पाठवला की प्रत्येक अंकाच्या आरंभी प्रकरण पाडून डिस्क पुन्हा करून दे. त्याने आधी कुरकुर केली, पण केली.

पुढे ब्लू-रे आले तेव्हा ही कटकट संपेल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात काही ब्लू-रे डिस्कांवर मेनू चालवणारा जावा प्रोग्राम असतो, आणि तशा डिस्कवर स्टॉप दाबून पुन्हा प्ले केले तर तो प्रोग्राम मुळापासून सुरू होतो. पाहणे पुढे चालू ठेवण्याची सोय डिस्क तयार करणाऱ्यानेच त्यात घातली नसेल, तर चांगल्यातला चांगला प्लेअरही हतबल ठरतो. मग प्रेक्षकाने इशाऱ्याच्या पाट्या आणि जाहिराती पुन्हा पाहायच्या, आणि त्यांतल्या काही तर पुढे ढकलूही दिल्या जात नाहीत.

नवी डिस्क आल्यावर गुरुजींच्या वहीतले आकडे अर्थातच चुकले, कारण व्हिडिओवाल्याने सुरुवातीच्या शुभेच्छांच्या जाहिराती कापल्या होत्या. त्यांनी जुने पान खोडले आणि नवे आखले. मजुरी म्हणून मी फक्त लेन्स पुसल्याचे पैसे घेतले, आणि तेही त्यांनी आग्रहाने दिले म्हणून.