पोक काढणाऱ्या मुलाचे नाक आधी तपासा

ज्या मुलाचे तोंड सदा अर्धवट उघडे असते, जे रात्री घोरते आणि सकाळी कोरड्या ओठांनी उठते, त्याला ‘पोक काढू नकोस, सरळ बस’ असे दटावण्यापूर्वी पालकांनी थोडे थांबावे, असे फिजिओथेरपिस्ट म्हणून मला कळकळीने सांगावेसे वाटते.

नाकाच्या मागे, पडजिभेच्या वर असणारी अ‍ॅडेनॉइडची गाठ बालपणी वाढते आणि पुढे बहुधा आपोआप आक्रसते. ती फार मोठी झाली किंवा अ‍ॅलर्जीने नाक आतून सुजले, की मूल तोंडाने श्वास घेऊ लागते. मान पुढे काढली की घशातली वाट जरा मोकळी होते, म्हणून डोके नकळत पुढे येते. पाठोपाठ खांदे झुकतात, पाठीला बाक येतो, बरगड्यांना फुलायला जागा कमी पडते आणि श्वासपटलाचे, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासाच्या मुख्य स्नायूचे, काम मानेच्या स्नायूंवर येऊन पडते. अशा मुलाचा शर्ट काढून त्याला दीर्घ श्वास घ्यायला सांगावे. पोट फारसे हलत नाही. खांदे मात्र वर उचलले जातात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू दोरीसारखे ताणलेले दिसतात. साधारण 6 वर्षांपुढील मुलांची स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजण्याची चाचणी, करता येते. फुप्फुसांत आजार नसतानाही त्यांपैकी काहींचा आकडा अपेक्षेपेक्षा कमी येतो, कारण हवा ओढणारे स्नायूच नीट वापरले जात नाहीत.

सोलापुरात याची काळजी अधिक घ्यायला हवी. उन्हाळ्यात पारा 40 अंशांपलीकडे जातो, हवा कोरडी असते, धूळ असते आणि पूर्व भागात यंत्रमागांजवळ राहणाऱ्या घरांत सुताची तूसही येते. हे सारे गाळण्याचे, हवा ओलसर करण्याचे काम नाकाचे आहे; तोंडाला ते जमत नाही.

म्हणून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. प्रत्येक वेळी शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. अनेकदा अ‍ॅलर्जीवरच्या औषधाने भागते. नाक मोकळे झाल्यावरही सवय मात्र राहते, आणि व्यायामाचा खरा उपयोग तेव्हा होतो: उताणे झोपून, पोटावर हात ठेवून नाकाने संथ श्वास घेणे, भिंतीला पाठ टेकून हात वर नेणे. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून झोपेत मुलाच्या तोंडावर चिकटपट्टी लावणे मात्र कटाक्षाने टाळावे. नाक चोंदलेले असेल तर ते धोक्याचे आहे. घोरताना श्वास मध्येच थांबत असेल, तर त्याचे मिनिटभर चित्रण करून ते डॉक्टरांना दाखवावे.