आमची वाटचाल : रोपवाटिकेतून वाळ्याच्या वाफ्याकडे

कारखान्यांच्या आवारातलं पावसाचं पाणी गाळणारे झाडांचे वाफे आम्ही करतो. त्याआधी चिपळूणजवळ आमची रोपवाटिका होती. दापोलीच्या कृषी विद्यापीठातून उद्यानविद्या शिकून आले आणि आंबा-काजूच्या कलमांच्या जोडीला लोटे परशुरामच्या एमआयडीसीत बागांची कंत्राटं घेऊ लागले. तिथे एका कारखान्यात शेडच्या पन्हळीखाली हिरवळ काही केल्या धरेना. तीनदा लावली, तीनदा पिवळी पडून गेली. शेवटी माती तपासून घेतली, तर जस्त भरपूर. त्या कारखान्यात जस्ताचं काम होतच नव्हतं. ते येत होतं छपराच्या गॅल्व्हनाइज्ड पत्र्यांवरून, दर पावसाळ्यात थोडं थोडं धुऊन.

तेव्हापासून मी आवाराकडे बघायला लागले. फोर्कलिफ्टचं ठिबकलेलं तेल, ग्राइंडिंगचा चुरा, टायरची काळी भुकटी असं आठ महिन्यांचं साठलेलं सगळं मिरगाच्या पहिल्या सरीला उचललं जातं. उत्पादनातलं सांडपाणी वेगळ्या नळाने प्रक्रियेला जातं, त्यावर सगळ्यांचं लक्ष असतं. आवारातलं मात्र 'पावसाचंच तर पाणी' म्हणून उघड्या गटारातून ओढ्याला आणि ओढ्यातून खाडीला मिळतं. त्या खाडीत तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) काढणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहत आलेय. हे पाणी गाळूनच सोडलं पाहिजे, हे तेव्हाच मनाने घेतलं.

२२ जुलै २०२१ च्या पुरात रोपवाटिका गेली. पाणी ओसरल्यावर पिशव्यांवर बसलेल्या चिखलाला डिझेलचा वास होता. पुन्हा सगळं उभं करायला पैसे नव्हते, पण कंत्राटं शाबूत होती. त्यातल्या एका फॅब्रिकेशनवाल्या मालकांना मी विचारलं, गटाराच्या तोंडाशी एक वाफा करू द्याल का? साहित्याचा खर्च त्यांनी दिला, मजुरी आम्ही सोसली.

वाफ्याची रचना साधी आहे. तळाला खडी, तिच्यात भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप, वर बारीक ग्रिट, त्यावर दोन-अडीच फूट वाळूचं मिश्रण आणि त्यात झाडं. पाणी वर साचतं आणि झिरपत खाली येतं. गाळ वरच अडतो. तेल सेंद्रिय थराला चिकटतं आणि मुळांभोवतीचे जिवाणू ते हळूहळू खाऊन टाकतात. धातू मिश्रणाला धरून बसतात. झाडांनी पाणी 'शुद्ध' होतं असं लोक म्हणतात, पण झाडाचं मोठं काम मुळांचं. मुळं वाळू पोकळ ठेवतात, वाफा तुंबू देत नाहीत.

पहिला वाफा मी चुकवला. बागायतदाराच्या सवयीने मिश्रणात शेणखत सढळ हाताने घातलं. कर्दळ अशी तरारून आली की मालक फोटो काढून लोकांना दाखवत होते. पाण्याचा अहवाल आला तेव्हा जस्त आणि तेल उतरलेलं होतं, पण बाहेर पडणाऱ्या पाण्यात फॉस्फेट आत आलेल्यापेक्षा जास्त! माझंच खत धुऊन चाललं होतं. मी ओढ्याला मदत करत नव्हते, त्याच्या घाणीत भर घालत होते. तो अहवाल घेऊन मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही.

उत्तर मिळालं ते शिकलेल्या पहिल्याच धड्यात. कोकणच्या जांभ्या मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद (म्हणजे फॉस्फेटमधलं फॉस्फरस) धरून ठेवतं, पिकाला लागू देत नाही. शेतकऱ्याची ही जुनी डोकेदुखी. गाळणीला तर नेमकं तेच हवं! चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, खाणीवर पडलेले तुकडे आणले, फोडले, भुकटी धुऊन काढली (न धुता घातली तर तीच वाफा तुंबवते) आणि खालच्या थरात भरले. शेणखत बंद. त्याऐवजी नारळाच्या सोडणांचा काथ्या, तोही आधी भिजवून, पाणी बदलून, क्षार काढून. वरच्या थरात कालवाच्या आणि तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा चुरा. आपल्याकडे पूर्वी शिंपल्या भाजून चुना करत. आम्ही त्या नुसत्या कुटतो. पाण्याचा आंबटपणा त्यांनी कमी होतो आणि विरघळलेले धातू लवकर खाली बसतात. शिंपल्या खाडीकाठच्या बचत गटाकडून विकत घेतो. बायकांना आधी वाटलं, ही बाई कचऱ्याचे पैसे का देते?

कर्दळ आता फक्त काठाला. आत वाळा. चार महिने पाण्यात आणि आठ महिने रखरखीत कोरड्यात उभं राहणारं दुसरं झाड मला सापडलेलं नाही.

गणित मात्र प्रत्येक मालकाला समोर बसवून सांगावं लागतं. एका गुंठ्यावर एक सेंटीमीटर पाऊस म्हणजे हजार लिटर पाणी. अर्ध्या एकरावर दोन सेंटीमीटर पडला की चाळीस हजार लिटर. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, तो सगळा गाळायचा म्हटलं तर कारखाना हलवावा लागेल. म्हणून वीस गुंठ्यांच्या आवाराला आम्ही एक गुंठा वाफा धरतो. वर वीस सेंटीमीटर पाणी उभं राहतं, तासाला साधारण दहा सेंटीमीटर झिरपतं. सुरुवातीचं घाणेरडं पाणी आत जातं आणि मुसळधारेचं सांडव्यावरून बाहेर.

एका मालकांनी सांडपाण्याचा नळही आमच्या वाफ्यात सोडायला सांगितलं होतं. वर्षाच्या देखभालीसकट मोठं काम होतं, तरी आम्ही ते नाकारलं. रसायनांचं पाणी वाळ्याने गाळून होत नाही, तो कायद्यानेही गुन्हा आहे, आणि वाफा मरतो ते वेगळंच.

आज आम्ही पाच जण आहोत. मे महिना पूर्ण गाळकुंड्या उपसण्यात आणि वरचा दोन बोटं थर खरवडून बदलण्यात जातो. तो गाळ शेतात टाकत नाही, कारण त्यात धातू असतात. तो कारखान्याच्या घातक कचऱ्याबरोबरच जातो.

पहिल्या वाफ्यावरचे वॉचमनमामा आता पहिल्या पावसाला आपणहून फोन करतात. पूर्वी त्यांची एकच तक्रार असायची, "ताई, डास होणार हो इथं." मी त्यांना एक पट्टी रोवून दिली आणि सांगितलं, दुसऱ्या दिवशी पाणी दिसलं तर मला शिव्या द्या. यंदा फोन आला तो रात्री साडेदहाला. मागे पत्र्यांवर पाऊस वाजत होता.

"ताई, पट्टी बुडलीवती सातला. आता माती दिसतेय."