महाराजबागेतला उंबर

रविवारी सकाळी नागपूरच्या महाराजबागेच्या गेटातून आत शिरलं की झाडून सगळे एकच विचारतात, वाघ कुठे आहे? बाग भोसल्यांच्या काळची, प्राणिसंग्रहालय 1894 चं, देखरेख कृषी महाविद्यालयाची, पण येणाऱ्याला काय त्याचं, पोरं तर धावतच सुटतात. मला वाघाचं वावडं नाही, फक्त मी जातो तेव्हा तो हमखास आपल्याकडे पाठ करून झोपलेला असतो. त्यापेक्षा झाडं बरी. त्यात तर्री-पोहे हाणून आलेलो असलो की फार चालवतही नाही, मग उंबराखाली बसायचं.

परवा शेजारी एक आजी अन् नातू येऊन बसले. पोरगं खोडाला लगडलेली उंबरं बघत म्हणे, "आजी, याले फुलं काहून नाही?"

"येतात ना बाप्पा, पण दिसत नाही. रात्री बारा वाजता फुलते, अन् ज्याले दिसलं तो राजा होते."

मी गप्प बसलो, आजीच्या मध्ये कोण बोलेल! पण खरी गोष्ट याहून अचाट आहे. आपण ज्याला फळ म्हणतो त्याच्या आतच शेकडो बारकी फुलं असतात, आणि तिथं पोचायला एकच इवलंसं भोक. त्यातून गांधीलमाशीच्या जातीची एक चिमुकली माशी आत घुसते, घुसताना बहुतेक वेळा पंख तुटतात, म्हणजे परतीचं तिकीट कॅन्सल. सोबत आणलेला पराग फुलांना लावते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथंच मरते. पुढच्या पिढीतले नर बिनपंखाचे, त्यांनी जोडी जमवायची, आतून भोक पाडायचं अन् संपायचं, बाहेरची हवा बहुतेकांच्या नशिबात नाहीच. माद्या मात्र पराग घेऊन त्या वाटेनं उडतात, दुसरा उंबर शोधायला, आणि हातात वेळ किती तर जेमतेम एकदोन दिवस. ही माशी नसेल तर उंबरात बी धरत नाही, अन् उंबर नसेल तर माशीला घर नाही.

तेवढ्यात पोरानं खाली पडलेलं एक उंबर फोडलं, आतून भुर्रकन चिलटांसारखं काहीतरी उडालं. आजी ओरडली, "फेक बरं ते!" म्हणाली, चल वाघ दाखवते.

पोरगं म्हणे, थांब ना, अजून एक फोडू दे.