पंप ‘गेला’ म्हणतात तेव्हा आधी इनलेट वॉल्व्ह उघडायला लावा

गणपतीच्या तोंडावर आमच्या कुडाळ-मालवण पट्ट्यात रंगाऱ्याला मान वर करायला फुरसत नसते. चाकरमानी यायच्या आत घर रंगवून हवं, आणि पाऊस उघडीप देईल तेवढंच काम. नेमका तेव्हाच एअरलेस मशीनचा (हवेशिवाय, पंपाच्या दाबावर रंग फवारणारं यंत्र) दाब बसला. फवाऱ्याच्या दोन्ही कडांना जाड रेघा, मधे भिंत कोरडी.

गाळण्या धुतल्या, टिप (फवारणीच्या गनच्या तोंडाचं बारीक भोकाचं नोझल) नवी लावली, बारीक एक्स्टेन्शन काढून जाड वायर टाकली, सक्शनच्या नळीचे नट आवळले. फरक नाही.

मशीन सर्व्हिसवाल्याकडे नेलं. तिथला राग अजून गेलेला नाही. काउंटरवरच्या मुलाने मशीन चालू करून आवाज ऐकला आणि सांगितलं, “पंप गेलाय. अख्खा बदलावा लागेल. मुंबईहून मागवायचा, गणपतीनंतर येईल.” एक नट न उघडता! म्हटलं, वॉल्व्ह तरी बघा. “तसं खोलत नाही आम्ही.” पुन्हा गेलो तेव्हाही तेच उत्तर, वर नव्या पंपाचं कोटेशन हातात. माझी माणसं बसून, घरमालकाचे फोन चालू, आणि हे कोटेशन छापतायत!

शेवटी पडवीतच बादलीभर पाणी घेऊन बसलो. पुढचं झाकण काढलं, प्राइम वॉल्व्ह (रंग गनकडे जाणार की परतीच्या नळीत, ते ठरवणारा) स्प्रेवर केला, गन बंद ठेवली. दाब धरला तर पिस्टनचा दांडा थांबायला हवा. वर जाताना तो अडत होता, खाली येताना मात्र सर्रकन येत होता. गडी म्हणाला, “दादा, खाली काय धरणा नाय ह्यो.” बरोबर धरलं त्याने. खाली येताना दाब अडवतो तो इनलेटचा छर्रा, म्हणजे रंग पंपात येतो त्या वॉल्व्हमधली गोळी; ती सीटवर, म्हणजे तिच्या बैठकीवर, घट्ट बसायला हवी. वर जाताना सुटत असेल तर पॅकिंग (दांड्याभोवतीची सील) नाहीतर वरचा, पिस्टनमधला छर्रा बघायचा. परतीच्या नळीतून थेंब पडत असतील तर दोष प्राइम वॉल्व्हचा.

इनलेट उघडला. छर्रा आणि सीटच्या मधे सुकलेल्या इमल्शनची पोपडी, नखाएवढी, चामड्यासारखी चिवट. छर्र्यावर ओरखडा नाही, सीट गुळगुळीत. धुऊन बसवलं आणि दांडा दोन्हीकडे थांबला. त्याच दुपारी ओटीची भिंत मारली.

खोलण्याआधी प्लग काढा, प्राइम वॉल्व्ह उघडा, गन बादलीत दाबून दाब पूर्ण सोडा. या मशीनचा दाब 3000 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) पर्यंत जातो. रंग कातडीत घुसला तर जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक हॉस्पिटल गाठायचं.

टिपचंही सांगतो. टिपवर नंबर 517 असेल तर शेवटच्या दोन आकड्यांवरून भोक 0.017 इंच. झिजून मोठं झालं की पंप ठणठणीत असूनही दाब पडतो. आणि बादलीतला रंग जाळीच्या कापडातून गाळूनच घ्या, पोपड्या तिथूनच आत जातात. काम संपल्यावर पंप पाण्याने धुऊन शेवटी थोडं टर्पेंटाइन फिरवून ठेवा. आपल्या खाऱ्या हवेत आत पाणी राहिलं की गंज चढलाच.