आजीचे चार सेकंद

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं जुनं घर रिकामं करताना माळ्यावर काकांच्या सुपर ८ रिळांचा, म्हणजे घरगुती शूटिंगच्या जुन्या छोट्या फिल्मचा, डबा निघाला. झाकण काढलं तर भप्पकन व्हिनेगरचा वास, ॲसिटेटची फिल्म सडायला लागली की असाच वास येतो म्हणे. सातपैकी दोन रिळं गेलेलीच होती, बाकीची डिजिटल करून आणली.

५० फुटांचं एक रीळ म्हणजे जेमतेम ३ मिनिटं २० सेकंद, त्यामुळे काकांनी फक्त 'महत्त्वाचं' तेवढंच घेतलंय. सुरसागर तलावातलं विसर्जन, कमाटीबागेतली छोटी गाडी, आत्याचं लग्न. आणि ज्या आजीने हे सगळं घर ओढलं ती पाच रिळांत मिळून चार सेकंद! पोळी लाटता लाटता मान वर करते, काहीतरी बोलते, संपलं. आवाज नाहीच.

मला यावर छोटी फिल्म करायचीये पण चार सेकंदांत काय करणार असं वाटत होतं, आणि मग रिया ताजिरी या जपानी वंशाच्या अमेरिकन दिग्दर्शिकेची 'हिस्टरी अँड मेमरी' बघितली, १९९१ ची, ३२ मिनिटांची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सव्वा लाखाच्या आसपास जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं, त्यात तिची आई पण होती, ॲरिझोनातल्या पोस्टनला. छावणीत कॅमेऱ्याला बंदी, आणि आईलाही फारसं आठवत नाही. लेकीच्या मनात मात्र एकच चित्र, वाळवंटात आई नळावर पाण्याची बाटली भरतीये. ते कुठेच शूट झालेलं नाही म्हणून तिने ते स्वतः उभं केलं आणि सरकारी फुटेज, हॉलिवूडचे तुकडे यांच्या शेजारी ठेवलं. मी तो शॉट परत परत बघितला, खरंच रडू आलं.

मग आजीचे चार सेकंद फ्रेम-फ्रेम करून बघायला बसले. सेकंदाला १८ म्हणजे ७२ फ्रेम्स. आई म्हणते, सासूबाई काकांना म्हणत असणार, "अरे रीळ कशाला वाया घालवतोस माझ्यावर." आत्याला अजिबात पटलं नाही, ती म्हणते दारात भाजीवाली आली असणार, आजी तिला गुजरातीत सांगतीये, "ऊभी रहे, आवुं छुं", म्हणजे थांब, येते. आणि खरंच, चाळिसाव्या फ्रेमच्या पुढे आजीची नजर कॅमेऱ्याकडे नाहीये, जराशी डावीकडे, दाराकडे आहे.

तरी आईचं वाक्य मी काढणार नाहीये. तेच चार सेकंद दोनदा, एकदा आईच्या आवाजात, एकदा आत्याच्या. आईचं रेकॉर्डिंग झालंय, आत्याकडे रविवारी जातीये.