गुलामाने लिहिलेले सुविचार

इन्स्टावर रोमन कोट्स फिरतात ना, काळं बॅकग्राउंड, संगमरवरी दाढीवाला पुतळा, खाली सेनेका नाहीतर मार्कस ऑरेलियस. त्या गर्दीत पुब्लिलियस सायरस हा माणूस कायम मागे राहतो आणि मला तर तोच सगळ्यात भारी वाटतो, कारण बाकीचे तत्त्वज्ञ, मंत्री, सम्राट वगैरे आणि हा सीरियातून इटलीत आणलेला गुलाम.

पोरगा असताना मालक त्याला घेऊन आपल्या आश्रयदात्या बड्या माणसाकडे गेला. तिथे अंगणात जलोदर (पोटात पाणी साठण्याचा आजार) झालेला एक गुलाम उन्हात पडलेला. तो बडा माणूस खेकसला, हा उन्हात काय करतोय? पुब्लिलियस म्हणाला, पाणी तापवतोय. जोक क्रूर आहे, मान्य, पण असल्याच हजरजबाबीपणावर त्याला स्वातंत्र्य मिळालं आणि शिक्षणही मिळालं. पुढे तो माइम लिहायला आणि त्यात काम करायला लागला. माइम म्हणजे आत्ताचं मुकाट्याने केलेलं नव्हे, आपल्या तमाशातल्या वगासारखं काहीतरी, बोलाचाली, चावटपणा, राजकारण्यांना टोमणे, मुखवटा नाही आणि स्त्रियांची कामं खुद्द स्त्रियाच करायच्या.

आता खरी गोष्ट. इ.स.पूर्व ४६ मध्ये रोमचा सत्ताधीश ज्युलियस सीझर याने भरवलेल्या खेळांत पुब्लिलियसने सगळ्या माइमवाल्यांना आव्हान दिलं, विषय द्या आणि माझ्यासमोर उभे रहा. समोर आला डेसिमस लाबेरियस, वय ६०, घोडेस्वार वर्गातला म्हणजे चांगला खानदानी माणूस. माइम लिहायचा तो, पण स्वतः स्टेजवर उतरणं ही त्या वर्गात बेइज्जती, दर्जाच जायचा. सीझरने उतरायला लावलं, आणि सीझरला नाही कोण म्हणणार. तर म्हाताऱ्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं, ६० वर्षं डाग लागू दिला नाही, घरातून निघालो तेव्हा घोडेस्वार होतो, परत जाईन तो नट होऊन. मग नाटकात एक ओळ टाकली, ज्याला पुष्कळ लोक घाबरतात त्याला पुष्कळांना घाबरावं लागतं. सगळं थिएटर वळून सीझरकडे बघायला लागलं. (दोन वर्षांनी सीझरचा खून झाला.)

सीझर म्हणाला, मी तुझ्या बाजूने होतो लाबेरियस, तरी सायरसने तुला हरवलं. बक्षीस एकेकाळच्या गुलामाला. आणि लाबेरियसला ५,००,००० सेस्टर्स (रोमन नाणी) आणि सोन्याची अंगठी, म्हणजे घालवलेला दर्जा परत. तो बिचारा प्रेक्षकांत जागा शोधायला गेला तर सिसेरो, रोमचा नामवंत वक्ता आणि राजकारणी, म्हणतो, दिली असती हो जागा पण मीच दाटीवाटीत बसलोय. लाबेरियस सोडतोय थोडाच, म्हणाला कमाल आहे, तुम्ही तर नेहमी दोन खुर्च्यांवर बसता. म्हणजे दोन्ही पक्षांशी सूत जमवून.

पुब्लिलियसची एक ओळ आहे, उपकार घेणं म्हणजे स्वातंत्र्य विकणं. एरवी मला हे जरा अतीच वाटलं असतं, लोकांनी एकमेकांना मदत करायचीच नाही का. पण हे लिहिणाऱ्याला स्वातंत्र्यच मुळी उपकार म्हणून मिळालेलं, रोममध्ये मोकळा केलेला गुलाम जन्मभर जुन्या मालकाच्या ऋणात, नावसुद्धा मालकाच्या घराण्याचं लावायचा. आणि त्या दिवशी तर समोरच एक माणूस अंगठी घेऊन खाली उतरला. ओळ त्या आधीची की नंतरची काय माहीत, पण मला आता ती वेगळी वाचताच येत नाही.

त्याची नाटकं सगळी गेली. उरल्या त्या सुट्या ओळी, सातशेच्या आसपास, कोणीतरी नाटकांतून वेचून अक्षरांच्या क्रमाने लावलेल्या. शाळेत पोरांकडून पाठ करून घ्यायचे. साडेचारशे वर्षांनी ख्रिस्ती विद्वान संत जेरोम एका आईला मुलगी कशी वाढवावी याचं पत्र लिहितो त्यात सुद्धा शाळेत वाचलेली ओळ येते, की ज्याची सवय होऊ दिलीस त्यावर मग रागावणं अवघड जातं. ज्यांच्या घरात पोरगं आणि मोबाइल दोन्ही आहेत त्यांना जास्त सांगायला नको.

पण गंमत बघा, ही वाक्यं नाटकातल्या पात्रांची आहेत, कुठलं कोण बोललं पत्ता नाही. 'बाई एकतर प्रेम करते नाहीतर द्वेष, तिसरं काही नाही' हे पुब्लिलियसचं मत, की बायकोने घराबाहेर काढलेल्या कुठल्यातरी नवऱ्याचा कांगावा, ज्याच्यावर पब्लिक हसत होतं? नशीब काचेचं असतं, चमकतं तेव्हाच फुटतं, ही सगळ्यात फेमस ओळ, आणि ती एखाद्या दिवाळखोर सावकाराच्या तोंडी असली तर तिचा सगळा नूरच बदलतो. सेनेकाला मात्र हा माणूस मनापासून आवडायचा, त्याचं म्हणणं की याच्या कितीतरी ओळी विदूषकी नाटकात नाही तर ट्रॅजेडीत शोभल्या असत्या.

माझी आवडती ओळ तशी गंभीर नाहीये. कंजूष माणूस फक्त मरतो तेवढंच नीट करतो. थिएटरात यावर काय हशा पिकला असेल, आणि नंतर कित्येक पिढ्या पोरांनी तीच ओळ मास्तरांच्या छड्या खात पाठ केली.