बॅकअप फार झटपट होतो हल्ली

वाचनालयात गेलो होतो प्रिंटरसाठी. रोलर पुसत होतो, तेवढ्यात ताई म्हणाल्या, "तुमचा तो बॅकअप हल्ली फार झटपट होतो हं. आधी मिनिटभर लागायचं."

मी रोलर खाली ठेवला. पुस्तकं वाढली, सभासद वाढले, आणि बॅकअप झटपट?

विंडोज 7 चा सपोर्ट 2020 च्या जानेवारीत संपला, तेव्हा त्या जुन्या मशीनवर मीच उबुंटू ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली होती. डेस्कटॉपवर एक आयकॉन ठेवलेला. तो दाबला की टर्मिनल, म्हणजे कमांड चालवायची काळी खिडकी, उघडायचं, आरसिंक नावाचा कॉपी करणारा प्रोग्रॅम फायली पेनड्राइव्हवर न्यायचा, खिडकी मिटायची. "खिडकी गेली की काम झालं," हेही मीच सांगितलेलं.

आयकॉन दाबला. काळं काहीतरी लुकलुकलं आणि गेलं. हाताने टर्मिनल उघडून आयकॉनमागची स्क्रिप्ट, म्हणजे कमांडची यादी, चालवली, तर समोर 'परमिशन डिनाइड', परवानगी नाही. मध्यंतरी वीज गेली तेव्हा पेनड्राइव्हच्या जोडणीचा रिकामा 'बॅकअप' फोल्डर मागे राहिला होता, रूटच्या, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य खात्याच्या मालकीचा; त्यात साध्या खात्याला लिहिता येत नाही. तेव्हापासून पेनड्राइव्ह 'बॅकअप1' नावाने जोडला जात होता आणि स्क्रिप्ट रोज त्या रिकाम्या फोल्डरावर थडकून परत फिरत होती. पेनड्राइव्हवरची शेवटची तारीख पावणेदोन महिन्यांपूर्वीची!

फोल्डर काढून बॅकअप घेतला. मग खिडकीकडे वळलो. टर्मिनल आतल्या कमांडसाठी उघडतं, ती संपली की तेही मिटतं. म्हणून स्क्रिप्टच्या शेवटी 'एक्झेक बॅश' लिहिलं. आता स्क्रिप्टच्या जागी नवा शेल, म्हणजे $ दाखवून पुढच्या कमांडची वाट पाहणारा प्रोग्रॅम, येणार, खिडकी राहणार. राहिलीही.

ताईंनी चष्मा सावरला. "हे डॉलरचं चिन्ह काय मागतंय?"

बरोबर होतं त्यांचं. ते काढून 'रीड' टाकलं, म्हणजे एंटर दाबेपर्यंत थांबेल. खात्रीसाठी पेनड्राइव्ह उपसून आयकॉन दाबला, तर खिडकी पुन्हा गायब! स्क्रिप्टच्या डोक्यावर मीच हौसेने 'सेट ई' लिहिलं होतं. एरर आली की स्क्रिप्ट तिथेच संपणार, रीडपर्यंत पोचणार कशी? ती ओळ उडवली. आरसिंकचा एक्झिट कोड, म्हणजे काम झालं की नाही ते सांगणारा आकडा, लगेच साठवून घेतला आणि शून्य असेल तर 'बॅकअप झाला', नसेल तर 'झाला नाही, फोन करा' असं मराठीत छापायला लावलं. प्रिंटर तसाच उघडा पडलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ताईंचा फोन.

"अहो, ती काळी खिडकी अडकली. जातच नाहीये."

"काय लिहिलंय तिच्यावर?"

"बॅकअप झाला. एंटर दाबा."

"मग?"

"दाबू का?"